दर पंधरा दिवसांनी भरकटणारी एअर रायफल

‘‘मामा, बंदूक परत भरकटली.’’

जूनपासून दसऱ्यापर्यंत भाच्याचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की फोन वाजला तरी उचलायच्या आधी पाना शोधायला लागायचो. तासगावजवळ आमचं बेदाण्याचं शेड आहे. एप्रिलमध्ये माल निघाला की ते पुढच्या हंगामापर्यंत रिकामंच. जाळ्या गुंडाळल्या की आत दहा मीटर सरळ जागा मिळते आणि वारा फारसा लागत नाही. तिथं आम्ही टेपनं अंतर मोजून, स्क्रू आवळून, स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण जुळवून रायफल बसवायचो. पाच छर्रे पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले जायचे. पंधरा दिवसांनी तीच रायफल, तोच भाचा, आणि पाच छर्रे चहाच्या बशीएवढ्या जागेत पांगलेले. परत आवळा, परत जुळवा.

रायफल साधी आहे. देशी बनावटीची, नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून, ताणायची, स्प्रिंगवर चालणारी, लाकडी दस्त्याची, आठ-नऊ हजारांतली. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, त्यानंतर आमच्या घरात ती आली. कुसाळेचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे तो काडतुसाच्या .२२ रायफलवर खेळतो, एअर रायफलवर नाही, हे भाच्याला सांगून झालं. त्यानं ऐकलं नाही. कुसाळेचं गाव कांबळवाडी आपल्यापासून लांब नाही, एवढंच त्याला पुरेसं होतं.

अशी रायफल घेतलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात एकच प्रश्न विचारतो: हिची ताकद वाढवता येईल का? नेम चुकतो म्हणजे बंदूक कमजोर आहे, असं डोक्यात बसलेलं असतं. आम्हीही तिथंच फसलो, म्हणून आधी ते.

भाच्यानं मला न विचारता एका दुकानदाराकडून जाड तारेची ‘कडक’ स्प्रिंग बसवून आणली. ताणताना नळी दोन्ही हातांनी ओढावी लागायला लागली. आवाज मोठा झाला, पत्र्याचा डबा आरपार जायला लागला, भाचा खूश. तिसऱ्या दिवशी स्कोपमधली फुली तिरकी झाली आणि पाचव्या दिवशी तुटून आत लोंबायला लागली. गट, म्हणजे कागदावर छर्रे किती जवळजवळ पडतात ते, आधीपेक्षा वाईट.

याचं कारण स्प्रिंगच्या रायफलच्या धक्क्यात आहे. चाप ओढला की जड पिस्टन पुढं सुटतो, म्हणून रायफल मागं सरकते. पिस्टनपुढची हवा दाबली जाऊन तिची उशी होते, पिस्टन तिच्यावर आदळून थबकतो, आणि त्याच क्षणी रायफल पुढं उसळते. मागं आणि पुढं, असे दोन उलटे धक्के. काडतुसाच्या रायफलला फक्त मागचा धक्का असतो, म्हणून तिथं वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप इथं आठवड्यात मोडू शकतो. शिवाय हे सगळं होत असताना छर्रा अजून नळीतच असतो. स्प्रिंग जितकी कडक, तितकी त्या छर्ऱ्याखालची जमीन जास्त हलते.

आणि ताकदीचं गणितही करून बघा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगानं निघाला तर त्याची ऊर्जा १० ज्यूल होते. ऑलिंपिकच्या दहा मीटर रायफलीचा छर्रा साधारण १७०-१७५ मीटर वेगानंच जातो, म्हणजे साडेसात ज्यूलच्या आसपास, आणि त्या रायफलीनं पोरं अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका उडवतात. दहाचं वर्तुळ तेवढंच असतं, अर्धा मिलिमीटर. २००८ ला अभिनव बिंद्रानं सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात. कागदाला भोक पाडायला जास्त ताकद लागत नाही. कायद्याचंही लक्षात ठेवा: आपल्याकडं ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. स्प्रिंग बदलून त्या रेषेपलीकडं गेलात तर हातात विनापरवाना हत्यार आलं. आम्ही कडक स्प्रिंग काढून जुनी परत बसवून घेतली. तेही घरी नाही. ती स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते, मागची पिन काढली की उडून तोंडावर येते. शिकंजा नसेल तर रायफलचं पोट उघडू नका.

जुनी स्प्रिंग बसली तरी मूळ दुखणं तिथंच होतं. मग शोध सुरू केला.

आधी स्कोप की रायफल, हे ठरवा

भरकटण्याचा दोष रायफलमध्ये आहे की स्कोपमध्ये, हे न ठरवता पैसे घालू नका. स्कोप उतरवा आणि रायफलच्या मूळ लोखंडी साइट्सवर, म्हणजे तिच्यावरच्या नेम धरायच्या खुणांवर, दहा छर्रे टाका. गट मोठा आला तरी चालेल, पण तो एका ठिकाणी आला पाहिजे. पुढच्या आठवड्यात परत दहा टाका. गटाचा मधला बिंदू जागेवर राहिला तर दोष स्कोपचा. तोही सरकला तर रायफलचा.

आमच्याकडं दोन्हीचा निघाला.

स्कोपच्या बाजूचं लवकर उलगडलं. उलट्या धक्क्यामुळं स्कोप हळूहळू मागं सरकतो. रायफल पुढं उसळते, स्कोप जागेवर राहू बघतो. स्कोप बसतो त्या पट्टीवर पेन्सिलची बारीक रेघ मारली होती, पन्नास छर्ऱ्यांत स्कोपला धरणारी कडी तिच्यापासून मिलिमीटरभर मागं आलेली. उपाय स्वस्त आहे. पट्टी आणि कड्या पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं कोरड्या करा, तेलाचा लवलेश नको. मागच्या कडीला खाली पिन असलेली कडी घ्या, ती रायफलच्या पाठीवरच्या छोट्या भोकात बसते आणि मग स्कोपला मागं जायला वाटच उरत नाही. नवा स्कोप घेताना तो स्प्रिंगच्या एअर रायफलसाठीच आहे ना, आणि त्याचं फोकस दहा मीटरवर आणता येतं ना, एवढं विचारा. १०० यार्डावर कायम बसवलेला स्कोप दहा मीटरवर धूसर तर दिसतोच, पण डोकं जरा हललं की फुली टारगेटवर फिरते. रायफल पोत्यावर ठेवून, हात न लावता, फक्त डोकं डावी-उजवीकडं हलवून बघा. फुली फिरली तर गट तिथंच फुटतोय.

लाकूड

आता खरं दुखणं. पेन्सिलची रेघ हलेना झाली, तरी पंधरा दिवसांनी बशी. दर वेळी उघडून बघितलं की दस्त्याचे पुढचे दोन बाजूचे स्क्रू आणि चापाजवळचा एक मोठा स्क्रू ढिले. आवळले की ठीक. म्हणजे स्क्रू सुटतात, म्हणजे स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद, निळं लॉकटाइट, लावा, असं मला वाटलं. लावलं. ते दुपारभर सुकलं, स्क्रू घट्ट. पंधरा दिवसांनी बंदूक परत भरकटली, आणि या वेळी गंमत अशी की स्क्रू फिरलेलाच नव्हता. लॉकटाइट जसंच्या तसं. तरीही दस्त्यात लोखंड हाताला डुलत होतं.

इथं मी अडकलो. मग कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारे माझे एक मित्र आहेत, त्यांच्याकडं रायफल नेली. त्यांनी पुढचा स्क्रू काढला, टॉर्च मारून भोकात बघितलं आणि टॉर्च माझ्या हातात दिली. ‘‘स्क्रू कुठं ढिला होतोय? लाकूड खाली बसतंय.’’

नीट बघितल्यावर दिसलं. स्क्रूच्या डोक्याखाली लाकडाचं एक काळपट कडं झालं होतं, नखानं दाबलं तर ते किंचित मऊ लागत होतं. पॉलिश तिथून उडालेलं, आणि मध्ये डोक्याच्या आकाराचा खळगा, भाकरीच्या पिठात बोट रुतावं तसा. स्वस्त रायफलमध्ये स्क्रूचं डोकं थेट लाकडावर बसवतात. प्रत्येक छर्ऱ्याला दोन धक्के, म्हणजे दोनशे छर्ऱ्यांत चारशे हातोड्या त्या बारीक कड्यावर. त्यात आपला पावसाळा. जुलैत लाकूड फुगतं, ऑक्टोबरात आटतं. लोखंड तेवढंच राहतं. फुगलेल्या लाकडावर आवळलेला स्क्रू, लाकूड आटल्यावर फिरला नाही तरी सैलच. म्हणून जूनपासून दसऱ्यापर्यंत आमचा खेळ चालू होता आणि फेब्रुवारीत नव्या रायफलचं काही बिघडलं नव्हतं.

मित्रांनी बाजूच्या दोन स्क्रूंसाठी पितळेच्या वाटीसारख्या चकत्या काढल्या. स्क्रूचं तिरकं डोकं त्या वाटीत बसतं आणि वाटीचा रुंद काठ लाकडावर. भार आधी चार-पाच मिलिमीटरच्या कड्यावर होता, तो आता पैशाएवढ्या चकतीवर पसरला. चापाजवळच्या मोठ्या स्क्रूसाठी त्यांनी लाकडाच्या भोकाच्या आत बसणारी एक नळकांडी काढली, तिला ते बुश म्हणतात. तिची एक बाजू लोखंडी रायफलला टेकते आणि दुसरी स्क्रूखालच्या पट्टीला. आवळताना लोखंड लोखंडावर बसतं, लाकूड मध्ये नुसतं उभं. मग लाकूड फुगो की आटो. लांबी मात्र व्हर्नियरनं मोजून घ्यावी लागते. पहिलं बुश अर्धा मिलिमीटर लांब झालं तर दस्ता मोकळाच राहिला, ते परत घासावं लागलं. मित्रांनी पैसे घेतले नाहीत, पण एखाद्या वर्कशॉपला सांगितलंत तर या कामाला नव्या स्प्रिंगपेक्षा कमीच लागतील.

खळगा पडलेलं लाकूड तसंच ठेवू नका. आम्ही तिथं पातळ सुपर ग्लूचे दोन थेंब सोडले, लाकूड ते पिऊन दगडासारखं घट्ट झालं, मग चकती ठेवली. स्क्रूच्या आट्यांवर निळं लॉकटाइट, लाल नको, लाल नंतर गरम केल्याशिवाय सुटत नाही.

आणि शेवटी भाच्याच्या बहिणीचं नेलपेंट. स्क्रूच्या डोक्यावरून चकतीवर आणि चकतीवरून लाकडावर एक सरळ रेघ. स्क्रू फिरला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. सगळ्यात उपयोगी सुधारणा कोणती, असं विचारलंत तर मी ही सांगेन. किंमत शून्य, आणि बहिणीची शिवी.

हवा कुठून जाते

लाकूड बसल्यावर गट जागेवर राहायला लागला, पण नाण्याखाली बसेना. छर्रे वर-खाली पडत होते, डावे-उजवे नाही. उभा फैलाव दिसला की वेगावर संशय घ्या. प्रत्येक छर्ऱ्याला हवा सारखी मिळत नाही.

नळी मोडली की तिच्या मागच्या तोंडाभोवती रबराची गोल चकती दिसते. छर्रा ठेवा, नळी बंद करा, जोडाच्या वर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवा आणि टारगेटकडं नळी करून चाप ओढा. पट्टी उडाली की हवा जोडातून निसटतेय. आमची उडाली. हायड्रॉलिकचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जुनी चकती दाखवून त्याच मापाची नायट्राइल रबराची ओ-रिंग घेतली, काही दहा-वीस रुपयांत. ती खोबणीतून किंचित वर आली पाहिजे, म्हणजे नळी बंद करताना दाबली जाते. आमच्यात खाली बसत होती, म्हणून तिच्याखाली पोस्टकार्डाची गोल कात्रण घातली. तेही चाललं.

मग पिस्टनचा वॉशर. ज्यांच्या घरी रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह होता, त्यांना हे समजवायला नको. पंप मारला तरी हवा भरेना झाली की आई पंपाची दांडी काढायची, चामड्याचा वाटीसारखा वॉशर बोटानं मोकळा करायची आणि तेलाचं बोट लावायची. द्राक्षाला औषध मारायच्या जुन्या पाठपंपातही तोच वॉशर. बऱ्याच स्वस्त देशी रायफलींत आजही तोच असतो. चामडं वाळलं की आक्रसतं, हवा बाजूनं निसटते. महिन्या-दोन महिन्यांनी हवेच्या भोकातून एक-दोन थेंब तेल, रायफल नळी वर करून रात्रभर उभी, झालं.

पण थेंब म्हणजे थेंब. भाच्यानं खोबरेल ओतलं होतं, चांगलं चमचाभर. पहिल्या गोळीला फटाक्यासारखा धडाका, नळीतून निळसर धूर आणि शेडभर जळक्या तेलाचा वास. दाबलेली हवा इतकी तापते की आतलं तेल पेटतं, डिझेल इंजिनसारखं. त्या धडाक्यानं स्प्रिंग मोडू शकते, वॉशर फाटतो, आणि प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा. भाच्याला वाटलं, ताकद वाढली. खोबरेल तर थंडीत गोठतंही. तुमच्या रायफलमध्ये रबराचा किंवा प्लास्टिकचा वॉशर असेल तर त्याला फार तर सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब, तोही क्वचित. चामड्याची खोड त्याला लावू नका. आणि छर्रा न घालता चाप कधीच ओढू नका, हवेची उशी तयार होत नाही आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो.

छर्रा भरताना नळी हातानं घट्ट धरून ठेवा. चापाची आतली खाच झिजलेली असली तर ताणलेली रायफल सुटते, नळी झटक्यानं मिटते आणि अंगठा मध्ये असतो. याच कारणासाठी चाप हलका करायला ती खाच कानसनं घासू नका. मोलिब्डेनमचं ग्रीस टिकलीएवढं लावा, तेवढंच पुरे.

छर्रे तोलणं

इथं मला मजा आली. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सोनारांकडं शंभर छर्ऱ्यांची पुडी घेऊन गेलो. त्यांनी आधी ‘‘शिसं तोलायला आलाय?’’ म्हणून बघितलं, मग स्वतःच रमले. मिलिग्रॅम दाखवणारा काटा, चिमट्यानं एकेक छर्रा. स्वस्त डबीतले छर्रे ०.४६ ग्रॅमपासून ०.५२ पर्यंत निघाले. ‘‘चार गुंजांच्या मालात अर्ध्या गुंजेचा फरक? आम्ही असं केलं तर दुकान बंद होईल,’’ असं ते म्हणाले. हिशेब बरोबर आहे. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे गुंज साधारण सव्वाशे मिलिग्रॅमची.

वजनाप्रमाणं तीन वाट्या केल्या. मधल्या वाटीतल्या छर्ऱ्यांचा गट एकदम आवळला. पण रोज सोनाराकडं कोण जाणार? त्यापेक्षा तीन-चार वेगवेगळ्या डब्या आणा, बऱ्या दर्जाची एक त्यात असू द्या, आणि प्रत्येकीतून दहा-दहा छर्रे टाका. पाच नको, पाचात नशीब खेळतं. नळी कोणता छर्रा मान्य करते हे नळीच सांगते, महागडाच लागेल असं नाही. कागदावर खेळायला सपाट तोंडाचे घ्या, भोक स्वच्छ पडतं. मागचा परकरासारखा घेर चेपलेले छर्रे बाजूला काढा, अंगठ्यानं ढकलल्यावर आपोआप आत घसरणारेही.

नळी साफ करायची तर मागून पुढं, दोरीला कापडाचा तुकडा बांधून ओढा. लोखंडी गज पुढून घालू नका, पुढच्या तोंडाची कड खरचटली की सगळं गेलं. साफ केल्यावरचे पहिले दहा-पंधरा छर्रे भलतीकडं जातात, नळीत शिशाचा थर परत बसेपर्यंत. त्यांच्यावरून स्कोप फिरवायला जाऊ नका.

धरण्याचं थोडक्यात. भाचा रायफलचं पुढचं टोक शेडच्या लोखंडी अँगलवर टेकवायचा. कडक टेकूवर ठेवलेली स्प्रिंगची रायफल उसळून दर वेळी वेगळीकडं जाते. पंजा उघडा ठेवा, त्यावर दस्ता चापाच्या पुढं, दर वेळी त्याच जागी, आणि आवळू नका. तान्ह्या मुलाचं डोकं धरतो तसं. रायफलला तिचे दोन्ही धक्के देऊ द्या, फक्त दर वेळी सारखेच. दस्त्याखाली ती जागा दाखवायला तेच नेलपेंट.

टारगेटमागं आम्ही जुन्या वह्या आणि चिंध्या ठासलेला लाकडी खोका ठेवतो. भिंतीवर किंवा दगडावर मारलेला छर्रा उलटा येतो, म्हणून चष्मा लावायचाच. शिसं हाताळून झालं की साबणानं हात, मगच डबा उघडायचा. शेडच्या बाहेर एक धनेश येऊन बसतो, त्याच्याकडं भाचा एकदा नळी वळवून बघत होता, तेव्हा रायफल आठवडाभर माझ्या कपाटात राहिली. पक्षी मारणं वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा आहे हे नंतर सांगितलं, कपाट आधी.

दिवाळीनंतर शेडमध्ये गेलो. नेलपेंटच्या तिन्ही रेघा सरळ होत्या. दहा छर्रे टाकले, सहा नाण्याखाली, तीन काठावर, एक भरकटलेला. तो एक माझा होता. भाच्यानं तो पेनानं गोल करून, खाली ‘मामा’ असं लिहून ठेवलाय.